स्नोडेन, शेरेमेत्येवो आणि मुसळांची मोजदाद

पोटकलम

स्नोडेनचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली. एक, ‘अमेरिका जगाला मानवी हक्कांचे धडे देते आणि स्वतः सगळ्यांच्या फोनला कान लावून बसते.’ दोन, ‘स्वातंत्र्याचा एवढा पुळका होता तर पुतिनच्या ओसरीवर का जाऊन बसला?’ पहिलं म्हणणाऱ्याला रशियाचं मुसळ दिसत नाही, दुसरं म्हणणाऱ्याला अमेरिकेचं. आणि दोघंही एकच गोष्ट धरून चालतात: जागल्या (आतून गैरप्रकार उघड करणारा, व्हिसलब्लोअर) ज्याच्या दारात गेला त्याची पत वाढली, ज्याच्या घरातून पळाला त्याची गेली.

प्रकरण थोडक्यात. एडवर्ड स्नोडेन हा बूझ ॲलन हॅमिल्टन या कंत्राटदार कंपनीमार्फत एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचं काम हवाईत करत होता. २० मे २०१३ ला तो हाँगकाँगला गेला. त्याने पत्रकारांना दिलेल्या गुप्त कागदांवरून ५ जूनला पहिली बातमी फुटली: व्हेरायझनने आपल्या ग्राहकांच्या सगळ्या कॉलच्या नोंदी रोजच्या रोज एनएसएला द्याव्यात, असा गुप्त न्यायालयाचा आदेश. १४ जूनला गुन्हा दाखल, २२ जूनला पासपोर्ट रद्द, २३ जूनला मॉस्को. शेरेमेत्येवो विमानतळाच्या ट्रान्झिट भागात १ ऑगस्टपर्यंत मुक्काम, मग रशियाचा एक वर्षाचा तात्पुरता आश्रय.

तुलना करायचीच तर हे चाळीस दिवस घ्या. दोन्ही देशांचे तेच दिवस.

रशियात जूनच्या अखेरीस ‘अपारंपरिक लैंगिक संबंधांच्या प्रचारा’वर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही झाली. ११ जुलैला मॉस्कोच्या न्यायालयाने सर्गेई मॅग्निट्स्कीला करचुकवेगिरीत दोषी ठरवलं. हा मॅग्निट्स्कीही जागल्याच. २३ कोटी डॉलरचा सरकारी कर-परतावा अधिकाऱ्यांच्या संगनमताने लाटला गेला, असं त्याने सांगितलं होतं. मग त्यालाच अटक झाली, ३५८ दिवस विनाखटला कोठडीत राहिला आणि १६ नोव्हेंबर २००९ ला तिथेच वारला. म्हणजे दोषी ठरला तेव्हा त्याला जाऊन साडेतीन वर्षं झाली होती. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, १२ जुलैला, त्याच शहरातल्या विमानतळावर स्नोडेन मानवी हक्क संघटनांना भेटला आणि आश्रय देऊ करणाऱ्या देशांचे त्याने आभार मानले. त्या यादीत रशिया होता. १८ जुलैला किरोवमध्ये विरोधी नेता नवाल्नीला ५ वर्षांची शिक्षा झाली.

अमेरिकेच्या ग्वांटानामो लष्करी तुरुंगात त्याच दिवसांत १६६ कैदी होते, त्यातले शंभरच्या वर उपोषणावर आणि काहींना नाकातून नळी घालून अन्न दिलं जात होतं. ३० जुलैला, विकिलीक्सला गुप्त कागद देणाऱ्या सैनिक चेल्सी मॅनिंगला बहुतेक आरोपांत दोषी धरलं. पुढे ३५ वर्षांची शिक्षा झाली. आणि २४ जुलैला प्रतिनिधीगृहात एनएसएच्या सरसकट नोंदसंकलनाचा पैसा तोडणारी दुरुस्ती मतदानाला आली. पडली, पण २०५ विरुद्ध २१७ ने.

त्या २०५ मतांना मी खूप महत्त्व देतो. माझं म्हणणं एवढंच की दोन सरकारांच्या पापांची बेरीज करून ‘कोण जास्त वाईट’ विचारण्यात अर्थ नाही. चूक उघडी पडल्यावर ती कोण थांबवू शकतं आणि त्याला किती वेळ लागतो, ते मोजा. अमेरिकेत ५ जून २०१३ ला बातमी. जानेवारी २०१४ मध्ये सरकारनेच नेमलेल्या खासगीपणा-देखरेख मंडळाचा अहवाल, की हे संकलन कायद्यात बसत नाही आणि दहशतवादाच्या एकाही तपासात त्याने ठोस फरक पडल्याचं दिसलं नाही. ७ मे २०१५ ला अपील न्यायालयाचा तसाच निकाल. २ जून २०१५ ला ते बंद करणारा नवा कायदा. जवळपास दोन वर्षं.

रशियात सेंट पीटर्सबर्गचे संपादक रोमान झखारोव यांनी मोबाइल कंपन्या फोन गुप्तचरांना उघडे ठेवतात म्हणून २००३ मध्ये दावा लावला. तिथे हरले. २००६ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. ४ डिसेंबर २०१५ ला जिंकले. त्याच महिन्यात रशियाने कायदा केला की स्ट्रासबर्गचे निकाल पाळायचे की नाही हे आमचं घटनात्मक न्यायालय ठरवेल.

---

दर्यावर्दी

मांडणी चांगली, निष्कर्ष अमान्य. तुमचं घड्याळ अमेरिकी नागरिकाच्या मनगटावरचं आहे.

२०१५ मध्ये बंद झालं ते पॅट्रियट कायद्याच्या कलम २१५ खालचं संकलन, म्हणजे अमेरिकेतल्या माणसांच्या कॉलच्या नोंदी. त्यावर काँग्रेस चिडली कारण मतदार चिडले. परदेशी माणसावरची पाळत चालते परकीय हेरगिरीविषयक ‘फिसा’ कायद्याचं कलम ७०२ आणि १९८१ च्या कार्यकारी आदेश १२३३३ खाली. कलम ७०२ ला एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा दोन वर्षं वाढवून दिली. एनएसएने कुठून किती माहिती उचलली ते दाखवणारा, स्नोडेनच्याच कागदांतला ‘बाउंडलेस इन्फॉर्मंट’ नकाशा बघा: मार्च २०१३ या एका महिन्यात भारतातून ६.३ अब्ज नोंदी. इराण, पाकिस्तान, जॉर्डन, इजिप्त यांच्यानंतर आपला पाचवा नंबर. त्यावर आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद काय म्हणाले, तर ही काही खरी हेरगिरी नव्हे.

आता तुमचाच प्रश्न लावा: कोण थांबवू शकतं? बर्लिनच्या माणसासाठी थोडं उत्तर आहे. युरोपच्या न्यायालयाने २०१५ आणि २०२० मध्ये अमेरिकेशी झालेले डेटाचे करार दोनदा फेटाळले, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२२ मध्ये बायडन यांनी परदेशी माणसाला तक्रार करता यावी म्हणून एक पुनर्विलोकन न्यायालय काढलं. पण ते ‘पात्र’ देशांच्या लोकांसाठी. युरोपीय संघ आणि त्याला जोडून असलेले देश, ब्रिटन, स्वित्झर्लंड. भारत त्या यादीत घातला गेला नाही. पुण्यातल्या माणसाला वॉशिंग्टनमध्ये दार नाही आणि मॉस्कोतही नाही. मग पोहोच कोणाची मोठी, हा एकच प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे.

ज्या देखरेख मंडळाचं तुम्ही कौतुक केलंत, त्याचे तीन सदस्य जानेवारी २०२५ मध्ये काढून टाकले. गणपूर्तीच गेली.

आणि शिक्षा कोणाला झाली तेही मोजा. १२ मार्च २०१३ ला सिनेटर वायडन यांनी गुप्तचर प्रमुख क्लॅपर यांना सिनेटच्या सुनावणीत विचारलं, लाखो अमेरिकनांची माहिती गोळा करता का? ‘नाही.’ खटला नाही. सीआयएच्या छळाच्या कार्यक्रमावरून तुरुंगात कोण गेलं? त्याबद्दल बोलणारा जॉन किरियाकू, ३० महिने. आरोप काय, तर एका गुप्त सहकाऱ्याचं नाव फोडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

---

खडूस काका

आगीतून फुफाट्यात. बाकी चालू द्या.

---

मीटरगेज

दोघांनीही एक गोष्ट सोडली, आणि सगळी गफलत तिथेच होते. पाळत तांत्रिकदृष्ट्या बसते कशी, ते बघा.

अमेरिकेत नेहमीची पद्धत अशी की आदेश कंपनीकडे जातो. कंपनीचा वकील तो वाचतो, नोंद होते, माहिती काढून दिली जाते. कंपनी भांडूही शकते. याहू २००७-०८ मध्ये भांडली, हरली, आणि माहिती दिली नाही तर दिवसाला अडीच लाख डॉलर, दर आठवड्याला दुप्पट, असा दंडाचा धाक तिला घातला गेला. हे सगळं गुप्त होतं, सप्टेंबर २०१४ मध्ये कागद खुले झाले.

रशियात ‘सॉर्म’ ही पाळतीची यंत्रणा. टेलिकॉम कंपनीने स्वतःच्या पैशाने यंत्र घ्यायचं, आपल्या एक्स्चेंजमध्ये बसवायचं, तिथून एफएसबी या गुप्तचर संस्थेच्या कार्यालयापर्यंत लाइन टाकून द्यायची. पुढचं सगळं तिकडून. क्रमांक कोणता लावला हे कंपनीला कळत नाही. कायद्याने न्यायालयाची परवानगी लागते, पण ती कंपनीला दाखवायची गरज नाही. म्हणजे कागद कपाटात आहे की नाही हे बघणारा कोणी नाही. झखारोव निकालात न्यायाधीशांनी नेमकं यावर बोट ठेवलंय. आणि त्याहून भारी गोष्ट: कोणाचा फोन कधी ऐकला याची नोंद यंत्रात राहता कामा नये, असं तांत्रिक नियमांतच होतं.

म्हणून आकड्यांची तुलना फसते. अमेरिकी कंपन्या २०१३-१४ पासून किती आदेश आले ते छापतात, मोघम का होईना, ० ते ९९९ अशा टप्प्यांत. सिनेटच्या अहवालामुळे डिसेंबर २०१४ मध्ये आपल्याला कळलं की सीआयएच्या कोठड्यांत किमान ११९ माणसं होती, ३९ जणांवर ‘कठोर’ पद्धती वापरल्या आणि २६ जणांना तर त्यांच्याच निकषांनुसार डांबायला नको होतं. असे आकडे हातात आले की त्या देशाचं आरोपपत्र लांबतं. जिथे नोंदच ठेवायला मनाई तिथून आकडा येणार कुठून? चेचन्यातल्या युद्धांत काय झालं त्याचा हिशेब रशियाने दिलेला नाही, तो स्ट्रासबर्गच्या दोनशेहून जास्त निकालांतून वेचावा लागतो. नापास विद्यार्थ्याने प्रगतिपुस्तकच घरी आणलं नाही, तर पंचेचाळीस टक्के आणणारा ढ दिसतो.

जाता जाता, नुसत्या ‘नोंदी’ म्हणजे निरुपद्रवी असं कोणाला वाटत असेल तर हे गणित. संशयित क्रमांकापासून तीन उड्या मारायची मुभा होती. प्रत्येकाचे ४० संपर्क धरा: पहिल्या उडीत ४०, दुसरीत १,६००, तिसरीत ६४,०००. एनएसए सांगते की २०१२ मध्ये तीनशेहून कमीच क्रमांकांवर शोध घेतला. तीनशेच धरून गुणा करा, सामाईक संपर्क वजा न करता पावणेदोन कोटींच्या वर जाल. जानेवारी २०१४ मध्ये ओबामांनी तीनच्या दोन उड्या केल्या, म्हणजे ६४,००० चे १,६०० झाले.

---

दर्यावर्दी

मीटरगेजराव, ‘नेहमीची पद्धत’ म्हणून छान बाजू काढलीत. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एटी अँड टीच्या फोल्सम स्ट्रीटवरच्या इमारतीत खोली ६४१ए. मार्क क्लाइन या तंत्रज्ञाने २००६ मध्ये बाहेर काढलं: फायबरवर स्प्लिटर बसवलेला, प्रकाशाची एक प्रत गिऱ्हाइकाकडे, दुसरी बंद खोलीत. तिथे कुठला वकील कुठला आदेश वाचत होता? लोकांनी खटले भरले, तर काँग्रेसने २००८ मध्ये टेलिकॉम कंपन्यांना पूर्वलक्षी प्रभावाने अभय देऊन टाकलं. आणि ‘मस्क्युलर’? एनएसएने गूगल-याहूच्या डेटा केंद्रांमधल्या खासगी लाइनी अमेरिकेबाहेर परस्पर टॅप केल्या. कंपन्यांना ३० ऑक्टोबर २०१३ ला वर्तमानपत्रातून कळलं. ही सॉर्मची चुलत बहीणच.

---

मीटरगेज

मस्क्युलरचा मुद्दा मान्य. खोली ६४१ए चाही. पण पुढे काय झालं ते बघा. गूगल आणि याहूने आपल्या केंद्रांमधल्या लाइनी कूटबद्ध करून टाकल्या. सरकारला विचारलं नाही, कोणी अडवलं नाही. रशियात व्हीकॉन्टाक्टे या समाजमाध्यमाच्या दुरोव यांनी युक्रेनच्या आंदोलकांची माहिती एफएसबीला द्यायला नकार दिल्याचं सांगितलं, आणि एप्रिल २०१४ मध्ये कंपनीही सोडली, देशही. त्यांच्या टेलिग्रामने संदेश उलगडायच्या किल्ल्या दिल्या नाहीत म्हणून आधी ८ लाख रूबल दंड, मग १३ एप्रिल २०१८ ला बंदीचा आदेश. (बंदी नीट जमली नाही आणि २०२० मध्ये उठवली, तो भाग वेगळा.) शिवाय जुलै २०१६ चा यारोवाया कायदा: टेलिकॉम कंपन्यांनी संभाषणाचा मजकूर ६ महिन्यांपर्यंत आणि कॉलच्या नोंदी ३ वर्षं साठवायच्या. अमेरिकेत या कंपन्यांवर मजकूर साठवण्याची अशी सरसकट सक्ती नाही.

---

सरळरेषा

सगळे ‘जागल्या’ शब्द गृहीत धरून चाललेत, तेच मला मान्य नाही. प्रतिनिधीगृहाच्या गुप्तचर समितीचा सप्टेंबर २०१६ चा अहवाल दोन्ही पक्षांच्या सदस्यांचा, एकमुखी. त्यात म्हटलंय की १५ लाख कागदपत्रं नेली आणि बहुतेकांचा अमेरिकनांच्या खासगीपणाशी संबंध नव्हता. हाँगकाँगमध्ये असताना तिथल्या वर्तमानपत्राला त्याने अमेरिकेने चीनमधले कोणते संगणक फोडले ते सांगितलं. त्यात कोणत्या अमेरिकी नागरिकाचा हक्क वाचला? महानिरीक्षक होते, काँग्रेसच्या समित्या होत्या. त्या वाटेने गेला नाही. आणि २६ सप्टेंबर २०२२ ला पुतिन यांच्या हुकमाने नागरिकत्व मिळालं. युक्रेनवर हल्ला होऊन सात महिने झाले होते, सैन्यभरतीची घोषणा होऊन पाच दिवस. माणूस कोणत्या बाजूला उभा आहे ते आणखी कसं सांगायचं?

---

निरपेक्ष

सरळरेषा, नागरिकत्वाच्या वेळेबद्दल तुमची नाराजी मी समजू शकतो. पण ‘वाटेने गेला नाही’ हे तपासू या.

गुप्तचर क्षेत्रासाठीचा १९९८ चा कायदा तक्रार काँग्रेसपर्यंत कशी न्यायची ते सांगतो. सूड घेतला गेला तर संरक्षण देत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये ओबामांनी संरक्षणाचा आदेश काढला, त्यात कंत्राटदारांचे कर्मचारी धरलेच नव्हते. स्नोडेन कंत्राटी होता. ही फट बुजवली गेली जानेवारी २०१८ मध्ये. त्याच्या अंतर्गत तक्रारीचा एनएसएने दाखवलेला पुरावा म्हणजे ५ एप्रिल २०१३ चा एक ईमेल, ज्यात त्याने कार्यकारी आदेश मोठा की कायदा असं विचारलं होतं. ती तक्रार म्हणता येत नाही, हे तुमच्या बाजूने. पण वाटेने गेलेल्यांचं काय झालं? एनएसएचाच थॉमस ड्रेक आधी महानिरीक्षक आणि काँग्रेस समितीकडे गेला, मग पत्रकाराशी बोलला. २०१० मध्ये दहा गंभीर आरोप, त्यातले पाच हेरगिरी कायद्याखाली. शेवटी टिकला एक किरकोळ गुन्हा: एक वर्षाची प्रोबेशन आणि २४० तास समाजसेवा. तोवर नोकरी गेली होती.

आता आश्रयाकडे. १९५१ च्या निर्वासित करारात देशांची गुणवत्ता यादी लावत नाहीत. या माणसाला, या कारणासाठी, तिथे परत पाठवलं तर छळ होण्याची रास्त भीती आहे का, एवढंच बघतात. नुसता खटला होणं म्हणजे छळ नव्हे, ही पहिली अडचण. त्यामुळे खटला न्याय्य होईल का हा खरा वाद. २३ जुलै २०१३ च्या पत्रात अमेरिकेचे ॲटर्नी जनरल होल्डर यांनी रशियाच्या न्यायमंत्र्यांना लिहून दिलं: फाशी मागणार नाही, छळ करणार नाही, नागरी न्यायालयात ज्यूरीसमोर खटला होईल, परतीपुरता पासपोर्ट देऊ. पत्र चांगलं आहे. त्यात नसलेली गोष्ट महत्त्वाची: १९१७ च्या हेरगिरी कायद्याखाली ‘मी जनहितासाठी केलं’ हा बचाव ज्यूरीसमोर मांडताच येत नाही. कागद गुप्त होता, दिला, संपलं. तीन आरोप, प्रत्येकी कमाल दहा वर्षं. आणि छळ नाही म्हणावं तर क्वांटिको तळावर मॅनिंगला सुमारे नऊ महिने एकांतात ठेवलं होतं, ज्याला संयुक्त राष्ट्रांच्या छळविषयक प्रतिनिधीने २०१२ मध्ये क्रूर आणि अमानुष म्हटलं.

‘रशियाच का’ याचं उत्तर बरंचसं कारकुनी आहे. हाँगकाँगशी अमेरिकेचा प्रत्यार्पण करार होता. अमेरिकेने अटकेसाठी कागद पाठवले. हाँगकाँगच्या नोंदीत मधलं नाव जोसेफ, अमेरिकेच्या एका कागदात जेम्स, दुसऱ्यात नुसतं ‘जे’. पासपोर्ट क्रमांक दिलेलाच नाही. हाँगकाँगने खुलासा मागवला आणि तो यायच्या आत विमान उडालं. (बीजिंगला तो निघून गेलेला बरा वाटला असणार हे उघड आहे, पण निमित्त अमेरिकेनेच हातात दिलं.) पासपोर्ट आदल्याच दिवशी रद्द झालेला, म्हणून मॉस्कोहून पुढचं विमान नाही. सुमारे वीस देशांकडे अर्ज गेले, बऱ्याच ठिकाणांहून उत्तर आलं की आधी आमच्या भूमीवर या. भारताने नकार दिला. २ जुलैला बोलिव्हियाचे अध्यक्ष मोरालेस मॉस्कोहून परत निघाले, तर स्नोडेन आत असेल या संशयावरून त्यांच्या विमानाला युरोपात वाट मिळेना आणि ते व्हिएन्नात उतरवावं लागलं. आत स्नोडेन नव्हता. राष्ट्राध्यक्षाच्या विमानाची ही गत बघितल्यावर ‘दुसरीकडे का गेला नाही’ विचारण्यात काय हशील?

रशियाने दिला तो निर्वासित दर्जाही नव्हता. त्यांच्या कायद्यात ‘तात्पुरता आश्रय’ हा वेगळा, एक वर्षाचा, सरकारच्या मर्जीने लांबवता येणारा प्रकार आहे. दोरी हातात ठेवायची असेल तर सोयीचा.

---

आगाऊ पाहुणा

आपल्याकडचं कोणी बोलणार आहे का? जागल्या संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही ९ मे २०१४ ला झाली. लागू करण्याची अधिसूचना कुठे आहे? तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून १३ जानेवारी २०१० चा.

---

पोटकलम

पाहुणे, विषय मोलाचा आहे, वेगळा धागा काढा. इथे आणलात तर पन्नासाव्या प्रतिसादाला लोक पक्षांवर येतील.

दर्यावर्दी यांचा पोहोचेचा मुद्दा बिनतोड आहे, मी माझ्या मोजपट्टीत तो धरला नव्हता. ‘कोण थांबवू शकतं’ याला ‘कोणासाठी’ हे शेपूट लावायलाच हवं. अमेरिका नागरी-राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला १९९२ पासून बांधील आहे, पण तो आपल्या भूमीबाहेर लागू होत नाही असं तिचं म्हणणं. म्हणजे खासगीपणाचं कलम १७ वॉशिंग्टनमध्ये आहे आणि विलेपार्ल्यात नाही. हे ढोंग आहे, सरळ म्हणतो.

मात्र पोहोच आणि दुरुस्ती एकाच आकड्यात कोंबू नका. पोहोचेने धोका किती लोकांना ते कळतं, दुरुस्तीने तो किती काळ. दोन वेगळे रकाने.

हा तक्ता खरंच कोणाला भरायचा असेल तर काही खड्डे सांगून ठेवतो. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दरवर्षी जगातल्या देशांवर मानवी हक्क अहवाल काढतं, त्यात अमेरिकेवर प्रकरण नसतं. त्याला उत्तर म्हणून चीनचं सरकार अमेरिकेवर अहवाल काढतं. त्याचा कच्चा माल बहुतांशी अमेरिकी वर्तमानपत्रं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दोन्हीकडे. पानं मोजूनही वर्षावर्षाची तुलना करू नका: ऑगस्ट २०२५ मध्ये आलेले अमेरिकी अहवाल इतके आखूड केले की कित्येक विषय वगळलेच गेले. त्यापेक्षा संयुक्त राष्ट्रांचा सार्वत्रिक नियतकालिक आढावा घ्या. प्रत्येक देशाचे तीन दस्तऐवज असतात: सरकारचा २० पानी, संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांचं १० पानी संकलन, आणि संस्था-संघटनांनी दिलेल्या माहितीचा १० पानी गोषवारा. उलट्या क्रमाने वाचा. सरकारचा शेवटी, म्हणजे त्यात काय गाळलंय ते लगेच दिसतं.

तुरुंगाच्या आकड्यांत तर हमखास पडायला होतं. २०१३ च्या जागतिक यादीत लाखामागे कैदी: अमेरिका ७१६, रशिया ४७५, चीन १२१. चीनचा आकडा फक्त शिक्षा झालेल्यांचा, खटला न चालवता डांबलेले त्यात नाहीत. आणि अमेरिकेच्या ७१६ ला ‘तो राजकीय कैद्यांचा आकडा नाही’ म्हणून झटकताही येत नाही.

अजून एक. रशियाचा इतिहास सपाट समजू नका. अलेक्झांडर निकितिन हा माजी नौदल अधिकारी, उत्तर ताफ्याच्या अणुपाणबुड्यांचा कचरा कुठे कसा पडलाय ते नॉर्वेच्या बेलोना संस्थेसाठी लिहिलं म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये देशद्रोहाखाली धरला. डिसेंबर १९९९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या न्यायालयाने निर्दोष सोडला, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. गुप्त नियम लावून शिक्षा देता येत नाही, हे तिथेही न्यायाधीश म्हणू शकत होते. मग नोव्हेंबर २०१२ मध्ये देशद्रोहाची व्याख्याच रुंद केली. तेव्हा ‘रशियात हे असंच’ म्हणण्यापेक्षा तारीख विचारावी.

---

सरळरेषा

म्हणजे शेवटी माझंच म्हणणं आलं. तिकडे दार बंद, इकडे उघडं. २०२० मध्ये अपील न्यायालयाने ते संकलन बेकायदा होतं असं पुन्हा म्हटलं. व्यवस्था चालली. मग हा परत येऊन खटला का लढत नाही?

---

निरपेक्ष

कारण त्या निकालाचा त्याच्या खटल्यात उपयोग नाही. कार्यक्रम बेकायदा ठरला म्हणून कागद फोडणं कायदेशीर ठरत नाही, आणि कार्यक्रम बेकायदा होता हे ज्यूरीला ऐकवायचीच सोय नाही. दार उघडं आहे, बरोबर. त्याला आत घेऊन लावून घेण्यासाठी.

---

दर्यावर्दी

पोटकलम, दोन रकाने मान्य. तिसरा टाका: खोटं बोलल्याची किंमत. क्लॅपर यांच्यावर खटला भरायची पाच वर्षांची मुदत मार्च २०१८ मध्ये संपून गेली. पुतिन यांनाही १७ एप्रिल २०१४ ला थेट प्रक्षेपणात स्नोडेननेच व्हिडिओवरून विचारलं होतं, रशिया लाखो लोकांचं संभाषण साठवतो का? ‘सरसकट नाही, आमच्याकडे सगळं कायद्याच्या आणि न्यायालयाच्या चौकटीत.’ स्नोडेनने दुसऱ्या दिवशी लिहिलं की वायडन-क्लॅपर प्रसंगाचीच ती नक्कल होती. दोघांना शिक्षा शून्य. बरोबरी.

---

पोटकलम

रकाना टाकला. शिक्षेत बरोबरी, पण उघडं पडायला लागलेल्या दिवसांत नाही. क्लॅपर: १२ मार्च ते ५ जून २०१३, ८५ दिवस. पुतिन यांच्या ‘चौकटी’ची तपासणी झखारोव निकालात झाली, ५९६ दिवसांनी, तीही परक्या न्यायालयात. ते न्यायालय १६ सप्टेंबर २०२२ पासून रशियाला लागू नाही. स्नोडेनला नागरिकत्व मिळायच्या दहा दिवस आधीपासून.